न नोंदलेली वर्षे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मागील पिढीने काय उभे केले याचे स्मरण होणे जितके अगत्याचे, तितकेच पुढील पिढीच्या वाटेत काय अडते आहे याचा विचार होणेही अगत्याचे आहे. आजच्या व्याख्यानासाठी निवडलेला विषय वरवर पाहता लहान वाटेल. पदवी मिळाली, दोन-चार वर्षे नोकरी झाली, मग लग्न, बाळंतपण, आजारपण, वडिलांचे निधन किंवा दुकानाची जबाबदारी अशा काही कारणाने ते काम थांबले. पाच-सात वर्षे लोटल्यावर त्याच व्यक्तीच्या मनात व्यवस्थापनशास्त्राचे, म्हणजे एम.बी.ए.चे, शिक्षण घेण्याची इच्छा उत्पन्न झाली. अशा व्यक्तीने प्रवेशअर्ज करावा काय, कसा करावा, आणि मधल्या वर्षांविषयी विचारणा झाली तर काय उत्तर द्यावे, हा तो विषय होय.

हा प्रश्न केवळ अर्जदाराचा आहे अशी समजूत असते. वस्तुतः तो त्या अर्जदाराच्या घराचाही आहे; कारण कामात खंड पडतो तो बहुधा घराच्या गरजेपोटी पडतो आणि तो भरून काढायचा म्हटले तरी घराच्या संमतीवाचून ते घडत नाही.

प्रथम एक आकडेवारी पाहू. २००१ च्या जनगणनेनुसार जैन समाजाची साक्षरता ९४.१ टक्के होती. देशातील सर्व प्रमुख धर्मसमुदायांत ती सर्वाधिक. स्त्रियांची साक्षरता ९०.६ टक्के, तीही सर्वाधिक. या आकड्यांचा उल्लेख समाजाच्या बहुतेक संमेलनांत अभिमानाने होत आला आहे. परंतु त्याच जनगणनेतील दुसऱ्या एका आकड्याचा उल्लेख सहसा होत नाही. काम करणाऱ्या म्हणून नोंद झालेल्या जैन स्त्रियांचे प्रमाण केवळ ९.२ टक्के होते आणि ते सर्व प्रमुख समुदायांत सर्वांत कमी होते. ज्या समाजाने आपल्या मुलींना सर्वाधिक शिकविले, त्याच समाजात त्या शिक्षणाची नोंद कामाच्या रकान्यात सर्वांत कमी झाली. ही आकडेवारी आता जुनी झाली आहे. परंतु तिने उभा केलेला प्रश्न जुना झालेला नाही.

या ९.२ टक्क्यांचा अर्थ लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. व्यापारी घरातील स्त्री रिकामी बसलेली क्वचितच आढळते. दुपारी पुरुषमंडळी जेवायला गेली की गल्ल्यावर तीच बसते. साड्यांच्या विभागात गिऱ्हाईक तिच्याशीच बोलते. सुरतेच्या व्यापाऱ्याची बिले, उधारीची यादी, संगणकावरील मालाची नोंद ही कामे अनेक घरांत सुनेकडे असतात. मात्र कोणी विचारले की उत्तर येते, “काही नाही, घरीच असते.” जनगणनेच्या माणसालाही हेच उत्तर मिळते आणि पुढे प्रवेशअर्ज भरताना ती स्वतःही कामाच्या रकान्यात हेच उत्तर लिहिते.

हिशेबाची रीत सर्वांना ठाऊक आहे. जी रक्कम कीर्दीत चढली नाही ती खतावणीत येत नाही, आणि जी खतावणीत नाही ती ताळेबंदात दिसत नाही. केलेल्या कामाचेही असेच असते. आपल्या समाजातील अनेकांच्या आयुष्यात जो खंड दिसतो, तो सर्वच्या सर्व खरा खंड नसतो. त्यातील काही वर्षे केवळ न नोंदलेली असतात.

व्यवस्थापनशिक्षणाची देशातील सर्वांत नामांकित संस्था अहमदाबाद येथे १९६१ साली स्थापन झाली. तिच्या उभारणीत डॉ. विक्रम साराभाई यांच्यासमवेत कस्तुरभाई लालभाई यांचा मोठा वाटा होता. आणंदजी कल्याणजी पेढीचे दीर्घकाळ नेतृत्व करणारे म्हणून कस्तुरभाई समाजाला परिचित आहेत, आणि कापडधंद्याशी संबंध असलेल्यांना अरविंद मिलचे संस्थापक म्हणून. त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट आजच्या विषयाशी थेट जुळते. १९१२ साली वडिलांचे अकाली निधन झाले तेव्हा कस्तुरभाई सतरा वर्षांचे होते आणि महाविद्यालयात नुकतेच दाखल झाले होते. गिरणीचा कारभार पाहण्यासाठी त्यांना शिक्षण सोडावे लागले आणि ते पुन्हा महाविद्यालयात जाऊ शकले नाहीत. ज्यांचे स्वतःचे शिक्षण घरच्या धंद्यासाठी थांबले, त्यांनीच पुढे इतरांच्या शिक्षणासाठी संस्था उभ्या केल्या.

त्याच संस्थेच्या आरंभकाळातील दुसरे नाव डॉ. कमला चौधरी यांचे. त्या संस्थेच्या पहिल्या अध्यापकांपैकी होत. लग्नानंतर लवकरच त्यांना वैधव्य आले. त्यानंतर त्या पुन्हा शिक्षणाकडे वळल्या, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळविली, अहमदाबादच्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत, म्हणजे ‘अटिरा’त, गिरणी कामगारांच्या प्रश्नांचा अभ्यास केला आणि तेथून त्या व्यवस्थापन संस्थेत आल्या. आज ज्या संस्थेच्या दाराशी उभे राहताना खंड पडलेल्या अर्जदाराला संकोच वाटतो, ती संस्था घडविणाऱ्यांतच अशी माणसे होती ज्यांच्या आयुष्यक्रमात दुःखाने खंड पाडला होता. हे स्मरणात असले तर संकोच निम्मा कमी व्हावा.

आता प्रत्यक्ष नियमांकडे वळू. कारण पुष्कळशी भीती नियम ठाऊक नसल्यामुळे असते.

भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या, म्हणजे आय.आय.एम.च्या, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ‘कॅट’ ही सामायिक प्रवेशपरीक्षा असते. महाराष्ट्रात अशा दोन संस्था आहेत: नागपूर येथील, जी २०१५ साली सुरू झाली, आणि मुंबई येथील, जी पूर्वी ‘नीटी’ म्हणून ओळखली जात असे व २०२३ पासून आय.आय.एम. झाली. कॅटसाठी पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग उमेदवारांसाठी ही अट ४५ टक्क्यांची आहे. वयाची कमाल मर्यादा नाही. किती वेळा परीक्षा द्यावी यावरही बंधन नाही. शिक्षणात वा कामात खंड असलेल्याने अर्ज करू नये असा नियम नाही. अनेकांचा समज नेमका याच्या उलट असतो, म्हणून हे स्पष्टपणे सांगणे भाग आहे.

ही परीक्षा सर्वसाधारणपणे नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते आणि अर्जनोंदणी ऑगस्टमध्ये सुरू होते. वेळ दोन तासांचा. भाषा व आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित असे तीन विभाग असून प्रत्येकाला चाळीस मिनिटे मिळतात. बरोबर उत्तराला तीन गुण, आणि पर्यायी उत्तरांच्या प्रश्नात चूक झाल्यास एक गुण वजा होतो. हा निकाल त्याच वर्षीच्या प्रवेशापुरता चालतो.

राज्याच्या पातळीवर सी.ई.टी. असते. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ पासून कार्यरत आहे. तेथील प्रवेशासह राज्यातील अनेक महाविद्यालयांचे प्रवेश या परीक्षेवर होतात. अडीच तासांत दोनशे प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. बऱ्याच वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसणाऱ्यास आरंभ करण्यासाठी ही परीक्षा सोयीची ठरते. कारण येथे वेगाचा सराव लागतो, परंतु अंदाज चुकला म्हणून दंड होत नाही.

तिसरा मार्ग जीमॅट या परीक्षेचा. परदेशातील विद्यापीठे, तसेच हैदराबादची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस (२००१) आणि अहमदाबादच्या संस्थेचा २००६ साली सुरू झालेला एक वर्षाचा अभ्यासक्रम यांसाठी तिचे गुण चालतात. हिचा निकाल पाच वर्षे ग्राह्य असतो. ज्या स्त्रीला लहान मुलामुळे यंदा जाता येणार नाही, तिला परीक्षा आधी देऊन प्रवेश नंतर घेण्याची सवड त्यामुळे मिळते. मात्र या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांना पूर्णवेळ कामाचा काही वर्षांचा अनुभव आवश्यक असतो. खंडापूर्वी केलेले कामही त्यात धरले जाते, ते वाया जात नाही.

ज्यांना घर वा गाव सोडणे शक्य नाही त्यांच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांचे दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत. घरचाच धंदा पुढे न्यायचा असेल तर काही संस्थांत कौटुंबिक व्यवसायासाठी वेगळा अभ्यासक्रम असतो. मुंबईत भारतीय विद्या भवनच्या एस. पी. जैन संस्थेत तो चालतो. ठरावीक काळाने काही दिवस वर्ग आणि उरलेले दिवस आपल्या पेढीवर, अशी त्याची साधारण रचना असते.

मग खंडाचा तोटा होतो तो कोठे? तो दोन ठिकाणी होतो आणि तो लपविण्यात अर्थ नाही. पहिला तोटा मुलाखतीच्या निवडयादीत होतो. परीक्षेच्या गुणांबरोबर दहावी, बारावी व पदवीचे गुण आणि पूर्णवेळ सवेतन कामाचे महिने यांनाही अनेक संस्था भार देतात. खंडाचे महिने त्यात मोजले जात नाहीत. दुसरा तोटा शिक्षण संपताना होतो. महाविद्यालयात येऊन नोकरी देणाऱ्या कंपन्यांपैकी अनेकांना अल्प अनुभवाचे तरुण उमेदवार हवे असतात. पस्तिशी ओलांडलेल्या व्यक्तीने दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाचा विचार करताना हे गणित आधी मांडावे. अहमदाबादसारख्या संस्थेचे दोन वर्षांचे शुल्क पंचवीस लाख रुपयांच्या घरात जाते. भांडवल किती, परतावा कधी आणि तो पैशात की अन्य रूपात, हे प्रश्न कापडाचे नवे दुकान काढताना विचारले जातात. ते येथेही विचारावेत. सर्वांनी एम.बी.ए. करावे असा या व्याख्यानाचा आग्रह नाही. ज्याला करावयाचे आहे त्याने केवळ खंडाच्या भीतीने मागे फिरू नये, एवढाच आग्रह आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ‘सवेतन’ हा शब्द वर आला. व्यापारी घरांची अडचण या एका शब्दात आहे. मुलगा पाच वर्षे वडिलांच्या दुकानात पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतो, परंतु त्याचा पगार वहीत पडत नाही. लागेल तसे पैसे गल्ल्यातून घेतले जातात. सून चार वर्षे हिशेब पाहते, परंतु तिचे नाव कोणत्याही कागदावर नसते. घरात यात कोणालाच अन्याय वाटत नाही, कारण सर्व काही सर्वांचेच असते. परंतु संस्था अनुभवाचा पुरावा मागते. नियुक्तिपत्र, बँकेतून जमा झालेला पगार, आयकर विवरणपत्रे, भागीदारी असल्यास भागीदारीपत्र, व्यवसायाची जी.एस.टी. नोंदणी असे कागद ती पाहते. यांपैकी काहीच नसेल तर पाच वर्षांचा खरा अनुभव अर्जात शून्य महिने ठरतो.

अशा वेळी एक मोह उत्पन्न होतो आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे अवश्य आहे. मामाची किंवा मावसभावाची पेढी असते. तिच्या लेटरहेडवर मागील तारखेचा अनुभवाचा दाखला लिहून घ्यावा, असा सल्ला देणारे हितचिंतक प्रत्येक गावात भेटतात. हा मार्ग सर्वथा वर्ज्य समजावा. सत्य आणि अचौर्य ही अणुव्रते केवळ व्याख्यानापुरती नाहीत, हे एक कारण. व्यवहाराच्या दृष्टीनेही दुसरे कारण तितकेच सबळ आहे. संस्था कागदपत्रांची पडताळणी करतात आणि खोटी माहिती आढळल्यास प्रवेश कोणत्याही टप्प्यावर, शिक्षण चालू असतानाही, रद्द करण्याचा अधिकार त्या राखून ठेवतात. एका दाखल्यापायी विद्यार्थ्याचे नाव, पेढीची पत आणि दाखला देणाऱ्याची अब्रू ही तिन्ही पणाला लागतात.

प्रामाणिक उपाय आहे, परंतु तो आजपासून लागू होतो, मागील तारखेपासून नव्हे. जो मुलगा, मुलगी वा सून आज दुकानात काम करते, तिचे नाव आजच वहीत घ्यावे. कामाचे स्वरूप लिहून द्यावे, पगार ठरवावा, तो दरमहा बँकेतून द्यावा आणि विवरणपत्र भरावे. पतीच्या धंद्यातून पत्नीला दिलेला पगार काही परिस्थितीत पतीच्याच उत्पन्नात धरण्याची आयकराची तरतूद आहे. पत्नीकडे व्यावसायिक पात्रता असून पगार त्या पात्रतेच्या बळावर मिळत असेल तर तिला अपवाद आहे. म्हणून आपल्या सी.ए.चा सल्ला अवश्य घ्यावा. करात चार पैसे वाचत नाहीत म्हणून नाव घालायचे नाही, हा विचार मात्र सोडावा. ती नोंद म्हणजे त्या व्यक्तीच्या श्रमाची पावती आहे. ती पुढे एम.बी.ए.ला जावो अथवा न जावो, बँकेचे कर्ज, स्वतंत्र व्यवसाय वा दुर्दैवाने कोसळलेले संकट अशा प्रत्येक प्रसंगी ही पावती उपयोगी पडते.

जी वर्षे नोंदीविना गेली त्यांचे काय, असा प्रश्न साहजिक आहे. ती वर्षे अनुभवाच्या महिन्यांत दाखवू नयेत. परंतु अर्जातील निबंधात आणि मुलाखतीत ती जरूर सांगावीत. अंकांच्या रकान्यात पुराव्यावाचून काही बसत नाही, शब्दांच्या रकान्यात मात्र खरे आणि नेमके सांगितलेले बसते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका मुलीने बी.कॉम. नंतर दोन वर्षे एका कार्यालयात लेखापालाचे काम केले. लग्नानंतर गाव बदलले, नोकरी सुटली, मूल झाले. पुढची सहा वर्षे ती सासरच्या कापडदुकानाचे हिशेब पाहते आहे. अर्जात ती एवढेच लिहिते की, “कौटुंबिक कारणांमुळे सहा वर्षे काम करू शकले नाही.” हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे; त्यात क्षमायाचनेचा सूर आहे आणि माहिती कोणतीच नाही. त्याऐवजी ती असे लिहू शकते: “विवाहानंतर गाव बदलल्याने नोकरी सोडली. अपत्याच्या संगोपनाची पहिली दोन वर्षे घरी होते. त्यानंतर कुटुंबाच्या दुकानातील मालाची नोंद संगणकावर आणली आणि जी.एस.टी.ची विवरणपत्रे तयार करण्याचे काम सांभाळले. हे काम विनावेतन होते. कोणता माल वर्षाहून अधिक पडून राहतो हे त्या नोंदींतून प्रथम दिसले, आणि खरेदीचा निर्णय शास्त्रीय पद्धतीने कसा घ्यावा हे शिकण्याची गरज तेव्हा जाणवली.” या चार-पाच वाक्यांत कारण आहे, काळ आहे, काम आहे, ‘विनावेतन’ ही प्रामाणिक कबुली आहे आणि शिकण्याची इच्छा कोठून आली तेही आहे. याहून अधिक लिहिण्याची गरज नसते. दुःखाचे सविस्तर वर्णन नको, सासरची तक्रार नको आणि स्वतःची प्रौढीही नको.

खंड आजारपणामुळे पडला असेल तर आजाराचा तपशील न देता, प्रकृती आता अभ्यासाचा भार पेलू शकते एवढे सांगणे पुरते. धंदा बुडाल्यामुळे पडला असेल तर कशामुळे बुडाला हे आकड्यांनिशी सांगता यावे. २०२० च्या टाळेबंदीनंतर अशी उदाहरणे घरोघरी आहेत आणि बुडालेल्या धंद्याचा नेमका हिशेब मांडू शकणारा उमेदवार परीक्षकांना कमी योग्यतेचा वाटत नाही. स्पर्धापरीक्षांच्या वा सी.ए.च्या तयारीत वर्षे गेली असतील तर तेही सरळ सांगावे.

मुलाखतीत परीक्षक बहुधा उमेदवाराच्या स्वतःच्या विषयातले विचारतात. कापडदुकान सांभाळले असे सांगणाऱ्यास कापडाचेच प्रश्न येणार. तयार कपड्यांवर जी.एस.टी. किती, असे विचारले तर २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या नगावर ५ टक्के आणि त्यापुढील किमतीवर १८ टक्के, हे तत्काळ सांगता आले पाहिजे. आणि त्याहून पुढे, २,६०० रुपयांच्या नगाची किंमत दुकानदार कशी ठरवील याचा विचार बोलून दाखविता आला पाहिजे. दुकानात वावरलेल्या व्यक्तीला हे उत्तर पुस्तकातून शोधावे लागत नाही. खंडाची वर्षे येथे उमेदवाराच्या बाजूने उभी राहतात.

आता अभ्यासाचे पाहू. पदवीनंतर आठ-दहा वर्षांनी गणित हाती घेतले की पहिला महिना निराशेचा जातो. टक्केवारी, गुणोत्तर, नफा-तोटा, सरासरी ही प्रकरणे व्यापारी घरातील व्यक्तीला लवकर परत येतात. बीजगणित आणि भूमितीला वेळ लागतो. मराठी वा गुजराती माध्यमातून शिकलेल्यांना इंग्रजी उताऱ्यांची धास्ती असते. तिच्यावर रोज एक इंग्रजी अग्रलेख सावकाश वाचणे आणि त्यातील मुख्य मुद्दा दोन ओळींत लिहून काढणे, याहून सोपा उपाय नाही. सहा ते आठ महिने, दररोज दोन अखंड तास मिळाले तर तयारी होऊ शकते. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडविल्याशिवाय मात्र अभ्यास पुरा झाला असे समजू नये.

‘दोन अखंड तास’ म्हणणे सोपे आहे, घरात ते मिळणे कठीण. कॅटचे वेळापत्रक पाहिले तर कापडव्यापाऱ्याच्या घराची अडचण चटकन ध्यानात येईल. अर्जनोंदणी सुरू होते तेव्हा चातुर्मास चालू असतो आणि पर्युषण तोंडावर असते. सरावाचे शेवटचे दोन महिने म्हणजे दसरा-दिवाळीचा हंगाम. परीक्षा येते ती तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईची खरेदी सुरू होण्याच्या सुमारास. ज्या आठवड्यांत उमेदवाराला सर्वाधिक शांतता हवी, त्याच आठवड्यांत दुकान आणि स्वयंपाकघर या दोन्हींना तिची सर्वाधिक गरज असते. येथे घराचा निर्णय लागतो. सासूबाईंनी सकाळचे दोन तास नातवाला सांभाळले, सासऱ्यांनी हंगामापुरता एक मदतनीस ठेवला, पतीने रविवारी सराव परीक्षेसाठी तिला मोकळे केले, तर ही परीक्षा होऊ शकते. नाहीतर कितीही बुद्धिमान मुलगी नोव्हेंबरच्या त्या रविवारी थकलेल्या मनाने केंद्रावर पोहोचते आणि कमी गुण पडले की घरात म्हटले जाते, “आता तिच्याने होत नाही.” त्या गुणांत तिचा वाटा किती आणि घराचा किती, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

मुलांच्या बाबतीतही हेच घडते. वडिलांच्या मागे दुकान सांभाळण्यासाठी परत बोलावलेला मुलगा दहा वर्षांनी शिकावयाचे म्हणतो, तेव्हा “दुकान कोण बघणार?” हा प्रश्न येतो. प्रश्न खरा आहे. परंतु दहा वर्षांपूर्वी त्याला बोलावताना त्याच्या शिक्षणाचे काय होणार हा प्रश्नही तितकाच खरा होता आणि तेव्हा त्याने तो विचारला नाही. ज्याने घरासाठी आपली वर्षे दिली, त्याचे घराकडे काही येणे निघते. व्यापारी माणूस दुसऱ्याचे येणे बुडवीत नाही. आपल्याच घरातले येणेही त्याने बुडवू नये.

पैशाचा प्रश्न उरतो. बँकांच्या शैक्षणिक कर्जयोजनांत सर्वसाधारणपणे साडेसात लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पी.एम. विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील प्रवेशासाठी तारण व जामीन यांवाचून कर्जाची सोय आहे. नामांकित संस्थांत प्रवेश मिळाला की बँका स्वतःहून पुढे येतात. तेव्हा केवळ शुल्काचा आकडा ऐकून अर्जच न करणे योग्य नव्हे. आधी प्रवेश मिळवावा, मग घराने बसून हिशेब करावा.

शेवटी समाजातील संस्थांविषयी. पूर्वीच्या पिढीने वसतिगृहे बांधली, शिष्यवृत्त्या दिल्या, पुस्तकपेढ्या चालविल्या. शिष्यवृत्तीचे पुष्कळसे नियम त्या काळाला अनुसरून केलेले असतात: अर्जदार त्याच वर्षी उत्तीर्ण झालेला असावा, वय अमुक वर्षांच्या आत असावे. पस्तीस वर्षांची दोन मुलांची आई अर्ज करील, ही कल्पनाच तेव्हा नव्हती. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने अशा संस्थांनी आपले नियम पुन्हा वाचून पाहावेत. खंडानंतर शिकणाऱ्यांसाठी वयाची अट शिथिल केलेली एखादी शिष्यवृत्ती ठेवता येईल. सभागृहातील एक खोली सकाळी दोन तास अभ्यासिका म्हणून उघडता येईल आणि तेवढ्या वेळापुरती मुले सांभाळण्यास महिला मंडळ पुढे येऊ शकेल. समाजातील जे तरुण या संस्थांतून शिकून बाहेर पडले, त्यांनी वर्षातून चार रविवार सराव मुलाखती घेतल्या तर त्याला खर्च जवळजवळ नाही. यांपैकी एकही गोष्ट मोठ्या देणगीची वाट पाहत थांबणारी नाही.

धर्माने समाजाला अपरिग्रह शिकविला. लागते त्याहून अधिक साठवून ठेवू नये, हा त्याचा साधा अर्थ. शिकलेल्या माणसाची बुद्धी वर्षानुवर्षे घरात न वापरता ठेवणे हाही एक प्रकारचा संचयच होय, आणि तो दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूचा संचय आहे. सणाच्या दिवशी दुकानाच्या वह्या बदलल्या जातात. येत्या दिवाळीला नवी वही उघडताना प्रत्येक पेढीने पहिल्याच पानावर, घरातील जी व्यक्ती काम करते पण जिचे नाव आजवर कोठेच लिहिलेले नाही, तिचे नाव आणि पगार लिहावा. पुढे त्या नावाने प्रवेशअर्ज जाईल किंवा जाणार नाही, तो निर्णय त्या व्यक्तीचा.

जय जिनेंद्र.